पुराच्या दिवसांत पोरांच्या हातात वही द्या

आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात जुलै लागला की पाचवीतलं पोरगं पण सांगतं की पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटावर आहे. ३९ ला इशारा, ४३ ला धोका, हे आकडे इथं पाढ्यासारखे पाठ असतात. तिकडं कोयना धरणातनं पाणी सोडलं की कृष्णा वाढते, राधानगरी धरण भरलं की पंचगंगा वाढते, आणि दोघी नृसिंहवाडीला येऊन मिळतात त्यामुळं तुंबलेल्या पाण्याची फुग मागं सरकत सरकत आमच्या गल्लीत येते. २००५ चा पूर माझ्या वयाच्या लोकांनी बघितला, २०१९ आणि २०२१ चा आत्ताच्या कॉलेजच्या पोरांनी लहानपणी बघितलाय, काहींनी शाळेच्या वर्गात चटईवर झोपून बघितलाय.

मी हायस्कूलला शिकवते. २०१९ आणि २०२१ च्या दोन्ही पुरांत आमची शाळा निवारा केंद्र झाली होती, आणि दोन्ही वेळेला ते केंद्र चालवायला खरी मदत झाली ती तेरा ते बावीस वयाच्या पोरापोरींची. त्यानंतर बरेच पालक, शिक्षक, मंडळाची मोठी माणसं विचारतात की ही पोरं इतकी जबाबदार कशी झाली, आमच्यातल्या पोरांना पण असं तयार करायचं तर काय करायचं. म्हणून हे सविस्तर लिहितेय. पूर आमचा आहे, तुमच्याकडं दुष्काळ असेल, गावात कुणाचं मोठं नुकसान झालं असेल, कोविडसारखं काही असेल, त्यात जे लागू पडतं ते घ्या.

पहिलं एक सांगते. पोरांना संकटात आपण कामं खूप सांगतो. पाण्याचा कॅन उचल, ताटं वाढ, तिकडं जाऊन सांग, इकडं ये. दिवसभर पोरगं पळतं आणि रात्री दमून झोपतं, पण त्यातनं पुढारपण येत नाही, कारण त्याला एकदाही ठरवायला लागलेलं नसतं. ठरवायला लागलं पाहिजे आणि ठरवलेलं निभावायला लागलं पाहिजे. म्हणून एक अख्खं काम द्यायचं, छोटं चालेल पण अख्खं, आणि त्या कामाची वही त्याच्या हातात द्यायची. वही म्हणजे साधी दोनशे पानी वही, दोऱ्यानं पेन बांधलेलं. मोठ्या माणसांना त्या कामातलं काही हवं असेल तर त्यांनी त्या पोराकडं यायचं.

कुणाला निवडायचं

आपली सवय अशी की वर्गाचा मॉनिटर, भाषणात पहिला येणारा, चटचट बोलणारा, तोच डोळ्यासमोर येतो. तो चांगलाच असतो, पण पुरात मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो दहावीला दोनदा बसलेल्या एका पोराचा. त्याच्या घरी सहा म्हशी, त्यामुळं गावात कुणाची किती जनावरं, कुणाचा गोठा खाली मळीत, म्हणजे नदीकाठच्या सखल रानात आहे, कुणाचा ट्रॅक्टर चालू कंडिशनमधे आहे हे त्याला तोंडपाठ होतं. माणसं घर सोडायला तयार होत नाहीत त्याचं निम्मं कारण जनावरं असतात, हे बाहेरच्या लोकांना कळत नाही. म्हातारी म्हणते मी म्हस सोडून येणार नाही, की संपलं. त्या पोराला जनावरांची आणि वैरणीची वही दिली, आणि कुणाची जनावरं उंचावरच्या कुठल्या मळ्यात बांधलीत, वैरण कोण पोचवतंय, एवढं सगळं त्यानं बसवलं. शाळेत त्याला कुणी हुशार म्हटलेलं नव्हतं.

तर निवडताना मार्क बघू नका, कुणाला कशातलं आतून माहीत आहे ते बघा. जी पोरगी घरी आजीच्या गोळ्या देते तिला औषधांची वही. मोबाईल दुरुस्त करत बसणारा असतो एक गल्लीत, त्याला चार्जिंग. मंडळाची वर्गणी गोळा करून पावत्या फाडणारा असतो, त्याला आलेल्या सामानाची नोंद. गणपती मंडळं आणि तालमी यातनं आपल्याकडं हे शिक्षण आधीपासून चालू आहे खरं तर, वीस वर्षाचं पोरगं खजिनदार असतं आणि पैशापैशाचा हिशेब देतं. २०१९ ला पूर ओसरला आणि तीन आठवड्यात गणपती आले, तेव्हा इकडच्या कितीतरी मंडळांनी डेकोरेशन बाजूला ठेवून पैसे पूरग्रस्तांना दिले, त्या मीटिंगा याच पोरांनी घेतल्या होत्या.

लाजाळू पोरांना सोडू नका. त्यांना माणसांसमोर उभं करायची घाई पण करू नका, आधी कागदाचं काम द्या, माणसं आपोआप त्यांच्याकडं यायला लागतात.

पाण्याची रेघ

आता हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि यावर मी कुणाशी वाद घालत नाही. अठराच्या आतलं एकही पोर पुराच्या पाण्यात उतरणार नाही. आमच्याकडची पोरं नदीकाठची, पोहायला पटाईत, गुळाच्या काहिलीत बसून माणसं आणलेली आजोबा-पणजोबांची गोष्ट प्रत्येक घरात आहे, त्यामुळं त्यांना वाटतं की पाण्यात उडी मारली म्हणजे मर्दानगी. पुराचं पाणी नदीचं नसतं, त्यात काटेरी कुंपणं, विजेच्या तारा, वाहून आलेली झाडं, साप, ड्रेनेज सगळं असतं. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटली, क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसली होती, बायका आणि लहान मुलं गेली. त्या दिवशी आमच्या केंद्रात बातमी आली तेव्हा कुणी जेवलं नाही.

म्हणून पहिल्याच बैठकीत मी खडूनं शाळेच्या गेटपाशी रेघ ओढते. अठराच्या आतल्यांनी या रेघेच्या आत. अठराच्या वरच्यांनी बाहेर जायचं तर दोघांनी मिळून, वहीत वेळ लिहून, आणि बोटीत पाय ठेवायचा तर फक्त एनडीआरएफचा किंवा तहसीलचा माणूस सांगेल तेव्हा, लाइफ जॅकेट घालूनच. ही रेघ का आहे ते समजावून सांगा, नुसतं ओरडू नका, सोळा वर्षाच्या पोराला कारण कळलं की तोच दुसऱ्याला अडवतो. २०२१ ला आमच्याकडं असंच झालं, दोन पोरं भिंतीवरनं उडी मारून निघाली होती आणि त्यांना थांबवलं ते त्यांच्याच वर्गातल्या पोरानं.

आणि पाण्यात न जाता पण धाडस लागतं, हे पोरांसमोर बोलून दाखवा. रात्री दोन वाजता तापानं फणफणलेलं बाळ घेऊन आलेल्या बाईला शांत आवाजात बसवून रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन लावणं, पत्ता नीट सांगणं, याला कमी धाडस लागत नाही.

काम हातात कसं द्यायचं

हे नीट करा, इथंच बहुतेक जण चुकतात. मी चार गोष्टी सांगते, तोंडी आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून पण. काम काय आहे. त्यात तू स्वतः काय ठरवू शकतोस. काय झालं तर मला विचारल्याशिवाय पुढं जायचं नाही. आणि तुझी पाळी किती वाजता संपते. शेवटचं विसरू नका.

उदाहरण म्हणून चार्जिंगचं सांगते, कारण त्यातनं मी स्वतः लई शिकले. लाइट गेलेली, जनरेटर संध्याकाळी तीन तास चालायचा, डिझेल मोजून होतं. बोर्डवर एकावेळी दहा-बारा फोन लागतील एवढी जागा आणि केंद्रात दोनशेच्या वर माणसं. पहिल्या दिवशी नुसती झोंबाझोंबी. मग आमच्या नववीतल्या एका पोराला सांगितलं की हे तुझं काम, नंबर कसा लावायचा ते तू ठरव, पण भांडण हातघाईवर आलं तर मला बोलव, आणि आठ वाजता तुझं काम बंद.

त्यानं अर्धा तास विचार केला आणि येऊन म्हणाला, बाई, आधी ज्यांच्या घरातलं कुणीतरी अजून बाहेर आहे त्यांचे फोन, मग आजारी माणूस सोबत आहे त्यांचे, मग बाकीचे चिठ्ठीनं. प्रत्येकाला वीस मिनिटं. मला एवढं सुचलं नसतं, मी रांग लावली असती. रांग म्हणजे जो जोरात पळेल त्याचा फोन आधी.

दुसऱ्या दिवशी गावातले एक वजनदार काका आले, म्हणाले ए बाळा माझा लाव आधी, मला साहेबांशी बोलायचंय. पोरगं माझ्याकडं बघायला लागलं. ही वेळ येतेच, लिहून ठेवा. त्या वेळेला आपण जे करतो त्यावर सगळं अवलंबून असतं. मी काकांना म्हटलं, काका, हे त्याचं खातं आहे, त्यालाच विचारा. काका जरा घुश्श्यात होते, पण विचारलं त्यांनी. आणि पोरानं काय सांगितलं, काका तुमच्या घरातलं कुणी बाहेर आहे का? ते म्हणाले नाही. मग चिठ्ठीत या. आवाज थरथरत होता त्याचा, पण बोलला. पुढं तीन दिवस कुणी त्या बोर्डाजवळ आवाज चढवला नाही.

हेच मी काकांची बाजू घेतली असती, किंवा नुसतं म्हटलं असतं की जाऊदे रे लाव त्यांचा, तर त्या पोराला कळलं असतं की हे सगळं खोटं-खोटं आहे.

माझ्या हातनं झालेली चूक

आठवीतल्या एका मुलीकडं केंद्राची मुख्य वही होती. नाव, वय, कुठल्या खोलीत, बीपी-शुगरच्या गोळ्या चालू आहेत का, गरोदर किंवा बाळंतीण आहे का, जवळच्या नातेवाईकाचा नंबर. ती रोज सकाळ-संध्याकाळ सगळ्या खोल्या फिरून मोजायची. तिसऱ्या दिवशी पाहणीला साहेब आले, गडबड होती, आणि मी तिच्या हातातनं वही घेतली आणि मीच उत्तरं द्यायला लागले. माणसं किती, म्हणाले. मी म्हटलं दोनशे बारा. ती मागनं हळूच म्हणाली, बाई, दोनशे एकोणीस, रात्री सात जण आलेत. मी तिला डोळ्यानं गप्प केलं. जेवणाची पाकिटं दोनशे बाराच आली.

दुसऱ्या दिवशी तिनं वही माझ्या टेबलावर आणून ठेवली, म्हणाली तुम्हीच ठेवा. रागावली वगैरे नव्हती, तेच जास्त लागलं मला. मी तिची माफी मागितली, एकटीत नाही, सगळ्या पोरांच्या बैठकीत, की काल माझं चुकलं, हिचा आकडा बरोबर होता आणि माझ्यामुळं सात जणांचं जेवण कमी आलं. तरी तिला परत यायला दोन दिवस लागले. त्यानंतर कुणीही अधिकारी आला की मी म्हणायची, माहिती हिच्याकडं आहे, आणि एक पाऊल मागं उभी राहायची. पुढं एकदा एका अधिकाऱ्यानं स्वतः खाली वाकून तिच्याकडनं लिहून घेतलं.

तेव्हा दिलेलं काम मधेच काढून घेऊ नका. खरंच जमत नसेल तर सोबत एक जोडीदार द्या, काम बारीक करा, पण बाहेरच्या माणसासमोर हातातनं वही ओढू नका. चूक झाली असेल तर बाजूला घेऊन विचारा, आणि विचारताना का केलंस असं न म्हणता तुला त्या वेळी काय दिसलं असं विचारा. का म्हटलं की पोरगं कारणं द्यायला लागतं, काय दिसलं म्हटलं की ते आठवायला लागतं.

फळ्यावरची बातमी

पुरात पाण्याच्या आधी अफवा पोचते. धरण फुटलं, हा मेसेज दरवेळेला येतो, रात्रीच येतो, आणि आख्खं केंद्र उठून बसतं, म्हाताऱ्या रडायला लागतात. हे काम सोळा-सतरा वर्षाच्या पोरांना द्या, त्यांच्याएवढं मोबाईल कुणाला कळत नाही. आम्ही एक फळा राखून ठेवला होता, तीन रकाने, वेळ, पाणी किती फुटावर, आणि कुणाकडनं कळलं. तिसरा रकाना भरता येत नसेल तर फळ्यावर लिहायचं नाही, हा नियम. खात्री करायची तर जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला १०७७ वर, किंवा तलाठी, पोलीस पाटील यांना विचारून. दोन पोरं दर दोन तासांनी फळा बदलायची.

एका रात्री तो मेसेज आलाच, राधानगरी फुटलं म्हणून. माणसं जिन्याकडं पळायला लागली. आमच्या अकरावीतल्या पोरानं फोन करून खात्री केली आणि फळ्यासमोर उभं राहून सांगितलं की राधानगरीला सात स्वयंचलित दरवाजे आहेत, धरण भरलं की पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात, एका दरवाज्यातनं साधारण १४२८ क्युसेक पाणी येतं, आत्ता दरवाजे उघडलेत, धरण फुटलेलं नाही, आपल्याकडं पाणी वाढेल पण या मजल्याला काही होणार नाही. बारा वाजायला आले होते आणि दोनशे माणसं एका सतरा वर्षाच्या पोराचं ऐकत होती. माहिती खरी होती आणि तो तीन दिवस खरंच सांगत आलेला म्हणून ऐकलं, नाहीतर कोण ऐकतंय. विश्वास आधी साठवायला लागतो, तो त्या फळ्यानं साठवला.

पोरींचं

पोरींना आपोआप चुलीकडं पाठवलं जातं. कुणी ठरवून करत नाही, होऊन जातं, पोरं बाहेर सामान उतरवतात आणि पोरी भाज्या चिरत बसतात. तुम्ही जाणीवपूर्वक मोडलं नाही तर ते मोडत नाही. आमच्याकडं रात्री संडासाकडं जायच्या वाटेवर उजेड नव्हता आणि बायका संध्याकाळपासनं पाणी प्यायच्या बंद झाल्या होत्या, जावं लागू नये म्हणून. हे एकाही पुरुष माणसाच्या लक्षात आलं नव्हतं, माझ्या पण उशिरा आलं. बारावीतल्या दोन पोरींनी सांगितलं, आणि मग त्यांनीच बॅटऱ्या मागवल्या, रात्री बायकांनी जोडीनं जायच्या वेळा ठरवल्या, मदत घेऊन येणाऱ्या गाड्यांना फोन करून सांगितलं की जुने कपडे बास झाले, सॅनिटरी पॅड आणि अंतर्वस्त्रं आणा. २०१९ ला जुन्या कपड्यांचे ढीग लागले होते सगळीकडं, लागणाऱ्या वस्तू मात्र कमी. आपल्याला काय हवंय ते स्पष्ट सांगणं आणि नको ते नम्रपणे नाही म्हणणं, हे त्या पोरी तिथं शिकल्या. भाज्या चिरायला पोरांना बसवा पाळीपाळीनं, त्यांना पण येऊदे.

त्यांचं पण घर बुडालेलं असतं

हे मी सगळ्यात उशिरा शिकले, आणि हे वाचणाऱ्यांनी लवकर शिकावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

एक पोरगा होता, बारावीतला, उंचापुरा, कधीही हाक मारा, हजर. तीन रात्री तो झोपला नव्हता हे मला नंतर कळलं. चौथ्या दिवशी पाण्याचे कॅन उतरवताना मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. त्याच्या घराची मातीची भिंत दुसऱ्याच दिवशी पडली होती, वह्या-पुस्तकं, बारावीच्या नोट्स सगळं गेलं होतं, आणि त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं, आईला पण नाही, कारण सगळे त्याच्याकडं आधार म्हणून बघत होते. आपणच त्याला शाबास वाघा, शाबास वाघा करत होतो, आणि वाघ म्हटलेल्या पोरानं रडायचं कुठं?

तेव्हापासनं आमचे काही नियम झालेत आणि ते मी सैल करत नाही. पाळी चार तासांची. रात्रीची झोप सक्तीची, अठराच्या आतल्यांनी दहाला झोपायचं. दिवसातनं एकदा प्रत्येकानं स्वतःच्या घरच्यांजवळ अर्धा तास बसायचं, काम न करता. आणि संध्याकाळी पोरांची वीस मिनिटांची बैठक, त्यात पहिला प्रश्न कामाचा नसतो, तुझ्या घरचं काय कळलं हा असतो. मोठ्यांनी त्यात आधी स्वतःचं सांगायचं. मी सांगितलं की माझ्या माहेरच्या घरात पाणी शिरलंय आणि मला पण रात्री झोप लागत नाही, मग पोरं बोलायला लागली. तोपर्यंत सगळे ठीक आहे बाई, ठीक आहे बाई.

काही पोरं नंतर पण बोलत नाहीत. पाऊस वाजला की दचकणं, जेवण कमी होणं, आधी आवडायच्या गोष्टीत मन न लागणं, उगाच चिडणं, असं दोन-तीन आठवडे चाललं तर वयाचं आहे म्हणून सोडून देऊ नका. मनाच्या त्रासासाठी टेली-मानस हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. अठराच्या आतल्या मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे. हे नंबर त्याच फळ्यावर कोपऱ्यात लिहून ठेवा, कुणाला न विचारता उतरवून घेता येतील असे.

चिखल

पाणी उतरताना खरी कसोटी लागते. पूर असताना सगळ्यांचं लक्ष असतं, कॅमेरे असतात, उतरल्यावर वास, चिखल आणि पंचनामे राहतात आणि पोरांचा पण उत्साह संपलेला असतो. चिखल पाणी उतरता उतरताच ढकलायला लागतो, एकदा वाळला की दगड होतो. इथं गट करा, पाच-सहा जणांचा, त्यात एक अठराच्या वरचा, आणि गटप्रमुख रोज बदला. रोज बदलल्यानं एक गोष्ट होते, काल जो सांगत होता तो आज ऐकतो, आणि दोन्ही बाजूंचं कळतं.

गटाला आधी सुरक्षेचं सांगून मगच पाठवा. पायात गमबूट, हातात मोजे. जखम असलेल्यानं चिखलात जायचं नाही, लेप्टोची (दूषित पाण्यातनं जखमेवाटे होणाऱ्या तापाची) भीती असते, गोळी घ्यायची तर आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारून. महावितरणच्या माणसानं बघितल्याशिवाय कुणाच्या घराचं मेन स्विच चालू करायचं नाही. पिण्याचं पाणी उकळूनच. कपाटामागं, लाकडांखाली हात घालायच्या आधी काठीनं वाजवायचं, साप बसलेले असतात.

कुणाच्या घरापासनं सुरुवात करायची, हा निर्णय पोरांना घेऊदे. भांडतात, घेऊदे भांडून. आमच्या पोरांनी ठरवलं की ज्या घरात एकटी म्हातारी माणसं आहेत तिथनं, मग ज्यांच्या घरी बाळंतीण. गटातल्याच एकाचं घर यादीत विसावं आलं आणि त्यानं ते मान्य केलं, त्याच्या वडलांना मात्र ते पटवून द्यायला मला जावं लागलं. असल्या वेळी आपण पोराच्या मागं उभं राहायचं असतं, घरी जाऊन, चहा पिऊन, शांतपणे.

मदतीचे पैसे कधीही लहान पोरांच्या खात्यावर किंवा हातात देऊ नका, त्यांच्यावर संशय येऊ शकतो आणि तो धुतला जात नाही. वस्तूंची नोंद त्यांनी ठेवावी, पैशाला दोन मोठ्यांच्या सह्या. मदत घेणाऱ्याचे फोटो काढायचे नाहीत, हे आमच्या पोरांनीच ठरवलं, कारण त्यांच्या स्वतःच्या आईचा बिस्किटाचा पुडा घेताना फोटो काढला होता कुणीतरी.

अठराच्या वरच्यांना काय

त्यांना पाहुण्यासारखं वागवू नका. तलाठी, ग्रामसेवक यांच्याबरोबरच्या बैठकीत त्यांना बसवा, नुसतं बसवा नाही, एक विषय त्यांनी मांडायचा. पंचनाम्याचे कागद भरताना एकेका पोरानं पाच-पाच घरं वाटून घेतली तर गावाचं काम पण होतं आणि त्याला सातबारा, आधार, बँकेचं पासबुक कुठं अडतं ते कळतं. अठरा पूर्ण होऊन मतदार यादीत नाव लागलं की ग्रामसभेचा सभासद होतो माणूस. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला आमची पाच पोरं-पोरी एक कागद घेऊन उभी राहिली, शाळेच्या संडासाला वाटेवर दिवे आणि वरच्या मजल्यावर पाण्याची टाकी, दोनच मागण्या. दिवे त्या वर्षात लागले. टाकीला दीड वर्ष लागलं, आणि त्या दीड वर्षात जी पोरगी दर दोन महिन्यांनी ऑफिसात जाऊन विचारत राहिली ती सगळ्यात जास्त शिकली असं मला वाटतं.

कॉलेजला असतील तर एनएसएसमधे (राष्ट्रीय सेवा योजनेत) घाला, वर्षाला १२० तास काम असतं आणि गावात सात दिवसांचं शिबिर असतं. आपदा मित्र म्हणून सरकारी ट्रेनिंग असतं अठरा ते चाळीस वयाच्या लोकांसाठी, जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात चौकशी करा, पाण्यात उतरायची हौस असलेल्यांना तिकडं पाठवा, नीट शिकून येऊदे.

मे महिन्यात करायची तयारी

पूर आल्यावर कुणी शिकत नाही. मे मधे पोरांना घेऊन गावाचा नकाशा काढा, खडूनं जमिनीवर काढला तरी चालतो, २००५ ला पाणी कुठवर, २०१९ ला कुठवर, ते म्हाताऱ्या माणसांना विचारून. पोरं म्हाताऱ्यांना प्रश्न विचारतात हेच मोठं काम आहे, आमच्याकडच्या एका आजोबांनी भिंतीवर खिळा ठोकून ठेवलाय २००५ च्या पाण्याचा, पोरांना माहीतच नव्हतं. मग एक दिवस रंगीत तालीम, खरोखर शाळेत या, खोल्या वाटा, वह्या उघडा, एक जण खोटी अफवा सोडेल, एक काका जबरदस्तीनं चार्जिंग मागतील. आमच्याकडं आता ते खरे काकाच हे काम करतात दरवर्षी, आवडीनं.

२०२१ ला ही तयारी झालीच नव्हती, पोरं दीड वर्ष कोविडमुळं घरात बसलेली, एकमेकांची तोंडं मोबाईलवर बघितलेली, आणि जुलैच्या शेवटी अचानक पाणी. पहिले दोन दिवस सगळं विस्कळीत. मग २०१९ ला चार्जिंग सांभाळलेला पोरगा आला, आता अकरावीत होता, आणि त्यानं आठवी-नववीच्या पोरांना बसवून सांगितलं की हे बघा, वही अशी असते. मी दारात उभी राहून ऐकत होते. माझीच चार वाक्यं तो सांगत होता, फक्त पाचवं त्यानं घातलं होतं, रडायला आलं तर मागच्या खोलीत जा, तिथं कुणी विचारणार नाही.

आता ते पाचवं पण मी पहिल्या पानावर लिहिते. जून लागला की एक पेटी भरून ऑफिसात ठेवते, सहा कोऱ्या वह्या, दोऱ्यानं बांधलेली पेनं, खडू, दोन बॅटऱ्या, शिट्ट्या, आणि मागच्या पुरातल्या भरलेल्या वह्या. जुन्या वह्या फेकू नका, नवीन पोरांना आधी त्याच वाचायला द्या.